यशोदेच्या काठाने, एका राहिलेल्या हॉर्नसाठी

निघताना आमच्या गाडीने तीन हॉर्न दिले आणि तासगावची आमची अख्खी गल्ली दारात आली. सकाळचे सहा वाजले होते. समोरच्या काकू दात घासता घासता बाहेर आल्या, वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी खिडकी उघडली आणि मी पुढच्या सीटवर ओढणीआड तोंड लपवून बसले. शुभशकुन वगैरे काही नाही, नुसती शोभा.

हॉर्नची ही सवय जुनी. आमचे हे सरकारी बसवर ड्रायव्हर होते. (यांचं नाव विलास, पण ते मी आजवर फक्त फॉर्मवर लिहिलंय.) बस असो नाहीतर भाजीला जायची स्कूटर, निघताना तीन हॉर्न वाजलेच पाहिजेत. लग्नानंतर पहिली दोन-चार वर्षं मी कारण विचारायची. उत्तर ठरलेलं, "कुणी मागे राहिलं असेल तर." घरात माणसं दोन, त्यातली मी स्कूटरवर यांच्या पाठीला लागून बसलेली. मागे राहणार कोण? मग मी विचारणं सोडून दिलं.

खरं कारण कळलं ते हे निवृत्त झाले त्या संध्याकाळी. हार-तुरे अजून टेबलावर पडले होते. यांची पहिली नेमणूक वर्धा जिल्ह्यात झाली होती, तेव्हा हे सव्वीस वर्षांचे. यांच्याकडे मुक्कामी गाडी होती. संध्याकाळी शेवटची फेरी घेऊन बस गावात जाते, रात्रभर तिथेच थांबते आणि पहाटे पहिली फेरी घेऊन परत निघते, ती मुक्कामी गाडी. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपतात आणि त्यांच्या जेवणाचं गाव बघतं. यशोदा नदीकाठच्या त्या गावात यांचं जेवण सुखदेवभाऊंच्या घरी असायचं. बौद्ध वस्तीतलं अगदी टोकाचं घर. त्यापुढे रस्ता उतरायचा तो थेट नदीवरच्या रपट्यावर (कमी उंचीचा, पुरात बुडणारा पूल). सात महिने यांनी त्या घरची भाकर खाल्ली.

सुखदेवभाऊंची मुलगी बेबी नुकतीच बारावी झालेली. वर्ध्याला नर्सच्या कोर्सची तिची मुलाखत होती. आदल्या संध्याकाळी सुखदेवभाऊंनी यांना सांगून ठेवलं होतं, की पोरीला सकाळच्या गाडीने घेऊन जा. हे हो म्हणाले होते. पण त्या पहाटे नदी वाढत होती. कंडक्टर म्हणाला, रपटा बुडाला तर गाडी चार दिवस अडकेल, आत्ताच काढू. रोजची रीत अशी की निघायच्या आधी तीन हॉर्न द्यायचे, म्हणजे गाव जागं होऊन गाडीकडे येतं. हॉर्न दिला तर गाव येईल, वेळ जाईल, म्हणून यांनी हॉर्न दिला नाही. वीस मिनिटं आधी, गुपचूप गाडी काढली. सुखदेवभाऊंच्या दारात दिवा जळत होता. हे तिथेही थांबले नाहीत. रपट्यावर चाकं लागली तेव्हा आरशात बेबी दिसली. ओले केस, काखेत फाईल, हात वर करून रस्त्यावर पळत येत होती.

पाणी त्या दिवशी रपट्यावर चढलंच नाही. आठवड्याभरात यांची बदलीची ऑर्डर आली आणि हे कुणाला न भेटता तासगावकडे निघून आले. सुखदेवभाऊंना तोंड दाखवायची हिंमत झाली नाही, असं यांनी त्या संध्याकाळी हाराच्या पाकळ्या खुडत मला सांगितलं.

मी चिडले. इतकी वर्षं मला त्या हॉर्नची लाज वाटायला लावली आणि कारण आज सांगता, असं मी म्हटलं. पण झोपताना माझ्या डोळ्यांसमोर ती फाईल येत राहिली. सकाळी मीच म्हटलं, जाऊन या एकदा, तिला तोंडावर सांगून या. हे म्हणाले, तू पण चल.

म्हणून ही गाडी. एका शाळेची जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन यांनी सहा महिने तिच्यावर हातोडी चालवली. मागे दोन बर्थ, एक गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, भिंतीला मिटणारं टेबल आणि खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. रंग पांढरा, मधोमध लाल पट्टा. लाल पट्टा का, तर यांना लाल रंगाशिवाय गाडी गाडी वाटत नाही. हा पट्टा पुढे आम्हाला किती भोवणार आहे याची तेव्हा कल्पना नव्हती.

तिसऱ्या दिवशी दुपारी कळंब मागे टाकून आम्ही वर्धा नदीच्या पुलावर आलो. पौषातली नदी. मधे वाळूचे पट्टे, कडेला संथ हिरवं पाणी, आणि त्यात गुडघाभर उभं राहून जाळं झटकणारा एक माणूस. यांनी गाडी हळू केली आणि म्हणाले, "आला जिल्हा." एवढंच. पण पुलाच्या टोकापर्यंत यांनी दुसरा गियर बदलला नाही.

देवळीत चहाला थांबलो. इथे बटाटेवड्याला आलुबोंडा म्हणतात आणि तो तर्रीत (तिखट लाल रस्सा) बुडवून देतात. मी एक घास घेतला आणि कानातून वाफ निघाली. हे मात्र दोन खाऊन तिसऱ्याकडे बघत होते. नाक पुसता पुसता यांच्या चेहऱ्यावर मला कधी न दिसलेलं एक वय आलं, सव्वीसचं. तेवढ्यात धोतर नेसलेले एक आजोबा गाडीभोवती फेरी मारून आले आणि अदबीने म्हणाले, "दवाखाना होये का जी हा?"

नाही म्हटलं. आजोबांचा विश्वास बसला नाही. पांढरी गाडी, लाल पट्टा, आत पलंग, पडदे. मग काय असणार? त्यांनी चष्मा काढून डावा डोळा मला दाखवला. मी म्हटलं, आजोबा, आम्ही फिरायला आलोय, हे आमचं घर आहे. त्यांनी चष्मा परत लावला आणि म्हणाले, की घर सोडून फिराले जातात, हे घर घेऊन कुठं निघाले?

देवळीहून खाली यशोदेच्या अंगाने रस्ता जातो. नदी कधी दिसते, कधी झाडांमागे जाते, पण ती कुठे आहे ते सतत कळत राहतं, कारण तिच्या बाजूची शेतं जास्त हिरवी. आमच्याकडे द्राक्षबागांच्या तारा बघायची सवय. इथे नजर लांबवर जाते आणि तिला अडवायला काही नाही. कापसाची शेवटची वेचणी चालू होती. बायका कमरेला ओटा (वेचलेला कापूस टाकायची झोळी) बांधून ओळीने चालत होत्या. तूर कापून बांधावर उभी केलेली, हरभरा घाट्यावर आलेला. एका बाईने हाक मारून ओंजळभर तुरीच्या शेंगा दिल्या आणि मिठाच्या पाण्यात उकडायला सांगितलं. संध्याकाळी त्या उकडल्या. दाणे काढून खाता खाता आमचं जेवण तिथेच झालं.

दुसऱ्या दिवशी नदीकाठी जागा बघायला म्हणून हे डांबर सोडून आत गेले आणि गाडी काळ्या मातीत बसली. "फसली न गाडी?" असं विचारत ट्रॅक्टरवाले एक दादा आले. फसली म्हणजे रुतली. यांनी बत्तीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर आणखी दोनदा रेस देऊन मागचं चाक अर्धं आत घातलं. दादांनी शांतपणे बिडी संपवली, दोर बांधला आणि दोन मिनिटांत गाडी बाहेर काढली. वर म्हणाले, दवाखान्याची गाडी आहे, जपून चालवत जा.

अल्लीपूरला बाजाराच्या कडेला गाडी लावली आणि तिथे मात्र माझीच चूक झाली. यांना रक्तदाबाचा त्रास आहे, म्हणून मी घरचं बीपीचं मशीन बरोबर घेतलं होतं. दारात बसून यांचं बीपी मोजत असताना पाठीमागे चार बायका येऊन उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "माहं बीपी पाहून देता का बाई?" नाही कसं म्हणायचं? मी निवृत्त शिक्षिका, कुणी काही विचारलं की मला सांगितल्याशिवाय राहवत नाही. चौघींच्या अकरा झाल्या. कुणी बोरं आणली, कुणी घरून सांबारवडी (कोथिंबिरीचं सारण भरून तळलेली वडी) आणली. मी प्रत्येकीचा आकडा वहीच्या कागदावर लिहून दिला आणि मीठ कमी खा असं सांगितलं. हे कोपऱ्यात बसून म्हणाले, तू आता जेलात जाणार.

अल्लीपूरहून ते गाव जवळ. वळणावर पाटीही होती. यांनी ती पाहिली, मी पाहिली आणि गाडी सरळ पुढे गेली. हे म्हणाले, हिंगणघाट बघून घेऊ, मोठा बाजार आहे. हिंगणघाटला कापसाने भरलेल्या गाड्यांच्या रांगेत तासभर अडकलो. मग हे म्हणाले, वडनेरपर्यंत जाऊन येऊ. वडनेरला काय आहे, मी विचारलं. म्हणाले, चहा चांगला मिळतो. वडनेरला चहा खरंच चांगला होता. तिथून यांना समुद्रपूरही आठवलं. तेव्हा मात्र मी कप खाली ठेवला आणि म्हटलं, समुद्रपूरला आपलं कुणी मागे राहिलेलं नाही. यांनी गाडी वळवली.

गावाचं नाव मी लिहीत नाही, कारण तिने नको म्हटलं.

आता तिथे उंच पूल आहे. पुलावर गाडी उभी करून हे कठड्याशी गेले. खाली जुना रपटा अजून होता, मधेच तुटलेला, फटींतून गवत आलेलं. त्याच्या बाजूने बाया कपडे धूत होत्या. सुखदेवभाऊंचं घर जिथे होतं तिथे आता पुलाचा भराव. मग गावात येऊन गाडी पारापाशी लावली. मुक्कामी गाडी बंद होऊनही बरीच वर्षं झाली, असं पारावरच्या माणसांनी सांगितलं. सुखदेवभाऊ वारले, त्यालाही बरीच वर्षं झाली. यांनी मान खाली घातली. मुलीचं विचारायला यांचं तोंड उघडेना, म्हणून मी विचारणार तोच मागून आवाज आला.

"कोन होये डॉक्टर?"

पन्नाशीची एक बाई. अंगावर कॉटनची साडी, खांद्याला पिशवी, हातात जाड रजिस्टर. रस्त्यावरून तरातरा येत होती. पारावरच्या माणसांनी बिड्या खाली केल्या.

"अल्लीपूरले अकरा बायांचं बीपी पाह्यलं म्हन तुमी. कागदं लिहून देले. माह्या गावची एक बाई तो कागद घेऊन आली अन् म्हने, आता मी गोळी बंद करतो. कोनं देली तुमाले परवानगी? मी आशा होये या गावची."

आशा म्हणजे सरकारच्या आरोग्य खात्याची गावातली कार्यकर्ती. बाळंतपणं, लसी, गोळ्या, सगळं तिच्या त्या रजिस्टरात. मी गयावया केली. डॉक्टर नाही, शिक्षिका आहे, बायका मागे लागल्या, चुकलं. ती म्हणाली, मशीन दाखवा. गाडीत चढली, मशीन हातात घेतलं आणि माझ्याकडे असं पाहिलं की शाळेत मी पोरांकडे बघायची ते मला आठवलं. "पट्टा उलटा बांधत होत्या न तुमी? नळी कोपराच्या अंगानं याले पाह्यजे." गेली दोन वर्षं मी यांचं बीपी उलट्या पट्ट्याने मोजत होते.

हे दारात उभे होते. तिच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्ही सुखदेवभाऊंच्या बेबी का?"

तिने मशीन टेबलावर ठेवलं. बराच वेळ यांच्याकडे पाहिलं.

"तवा मिशा होत्या तुमाले," ती म्हणाली.

हे बर्थवर बसले. घाम फुटला होता. बोलायला लागले, पण शब्द एकावर एक आदळत होते. तिने हात वर करून थांबवलं. यांची बाही वर सारली आणि पट्टा बांधला, या वेळी सरळ. मशीन गुरगुरलं. आकडा बघून तिने ओठ आवळले. आज गोळी घेतली का, असं तिने मला विचारलं, यांना नाही. मग यांना म्हणाली, "दहा मिनिटं गप बसा. बोललं का बीपी वाढते. मंग पुन्हा पाहू."

ती समोरच्या बर्थवर बसली आणि रजिस्टर मांडीवर घेतलं. बाहेर पारावर पाच-सहा जण कान देऊन होते. तिने साडीचा पडदा ओढून घेतला. त्या दहा मिनिटांत ती जे बोलली ते हळू आवाजात, हिशेबी, एकदाही न थांबता. मी मधे बोलले नाही, आणि यांना तर बोलायची मनाई होती.

ती दुपारपर्यंत रपट्याच्या तोंडाशी उभी राहिली होती. पाणी दोन हात खालीच राहिलं. दुसरी गाडी आली ती संध्याकाळी. मुलाखतीत तिचं नाव पुकारून झालं होतं. बाबा दुसऱ्या दिवशी वर्ध्याला जाऊन हातापाया पडले, पण यादी लागली होती. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं, गावातच. नवरा चांगला, दोन मुलं चांगली शिकली. आशाच्या कामाला ती आली तेव्हा चाळिशी जवळ आली होती. "आता मी गावच्या बायाईले इंजेक्शनले नेतो, देत नाई. देणारी दुसरीच राह्यते," ती म्हणाली.

मग ती यांच्याकडे पाहून म्हणाली, "गाडी गेली त्याचं नाई. गाड्या जातात. पन खिडकीत पाटलाचा पोरगा बसून होता. मले दिसला थो. तुमी सात महिने आमच्या घरचं जेवले. मले वाटलं, यायले आमची भाकर चालते, बाजूच्या सीटवर आमची पोरगी चालत नाई."

हे उठायला गेले. तिने बोटाने बसा म्हणून खुणावलं.

"बाबा म्हनत, तसं नाई बेबी, डायवर घाबरला असन. मरेपर्यंत म्हनत राह्यले. मी नाई मानलं."

तिने पुन्हा पट्टा बांधला. मशीन गुरगुरलं. पहिल्यापेक्षा थोडा कमी आकडा आला. तिने तो माझ्या वहीत लिहिला, खाली तारीख टाकली आणि म्हणाली, "आता बोला."

इतके दिवस गाडी चालवताना यांनी काय काय बोलायचं ते पाठ केलं होतं. वडनेरच्या चहावर मला म्हणूनही दाखवलं होतं. त्यातलं एकही वाक्य यांना आठवलं नाही. हे म्हणाले, "पाटलांचा पोरगा रात्रीच येऊन गाडीत झोपला होता. तुम्ही म्हणता ते माझ्या मनात नव्हतं. बाबांचं खरं होतं, मी घाबरलो होतो." मग थांबले. "पण हॉर्न द्यायला काही लागत नव्हतं. तो मी दिला नाही."

माफ केलं असं ती म्हणाली नाही. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा हे रडतील. रडले मी, आणि माझा तर यात काही संबंधच नव्हता. तिने माझ्याकडे बघून पिशवीतला रुमाल दिला.

उतरताना ती दारात थांबली. उद्या तिची वर्ध्याला मीटिंग होती, दहा वाजता. गावातून सकाळची बस आताशा भरवशाची नाही.

"तुमची गाडी वर्ध्याले जाते का?" तिने विचारलं.

"जाते," हे म्हणाले.

"साडेसातले. माहं घर शाळेच्या मागं हाये." आणि ती तरातरा निघून गेली.

मुक्कामी गाडी पूर्वी जिथे उभी राहायची, त्या वडाखाली आम्ही मुक्काम केला. अंधार पडायच्या आत एका घरून जेवण आलं. सोलेभात (तुरीच्या ओल्या दाण्यांचा भात), वांग्याची भाजी, भाकर. कुणी पाठवलं ते आणणाऱ्या बाईने सांगितलं नाही, नुसतं भांडी सकाळी घेऊन जाते म्हणाली. यांनी भाताचा पहिला घास घेतला आणि म्हणाले, बेबीच्या हाताला तिच्या आईचीच चव आहे. चव कुणाच्या हाताची हे यांना बत्तीस वर्षांनी कळलं. माझ्या हाताचं मीठ कमी-जास्त यांना आजतागायत कळलेलं नाही.

सकाळी सव्वासातला आम्ही शाळेमागच्या घरासमोर होतो. घराला निळा रंग, ओट्यावर तुळशीऐवजी गुलाब, उघड्या दारातून भिंतीवरचे बुद्ध आणि बाबासाहेब दिसत होते. हे स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले. साडेसात झाले. यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बघता काय, द्या.

यांनी तीन हॉर्न दिले.

शेजारच्या घरांतून माणसं बाहेर आली. एक म्हातारी दारातून ओरडली, "मुक्कामी गाडी आली का व?" पोरं धावत आली. कुत्री भुंकली. सगळं गाव गाडीभोवती जमलं आणि दवाखाना आज इकडे आहे का, असं विचारू लागलं. फक्त जिच्यासाठी हॉर्न दिला ती बाहेर आली नाही.

पावणेआठ झाले, आठ झाले. यांना उशीर म्हणजे अंगावर काटा. आमच्या लग्नात नवरा मुलगा मुहूर्ताच्या तासभर आधी येऊन बसला होता. पण हे हलले नाहीत. दुसऱ्यांदा हॉर्नही दिला नाही. माझ्या सीटवरून दाराच्या आतलं दिसत होतं. ती आत खुर्चीवर बसलेली होती. साडी नेसून, केस बांधून, पिशवी खांद्याला लावून, रजिस्टर मांडीवर. केव्हाची तयार होती. मी यांच्याकडे पाहिलं. यांनाही दिसत होतं.

सव्वाआठला ती उठली, दाराला कडी घातली आणि येऊन माझ्या आणि यांच्या मधल्या सीटवर बसली. उशिराबद्दल ती बोलली नाही, आम्हीही नाही. हातातला स्टीलचा डबा तिने डॅशबोर्डवर ठेवला.

"चाला," ती म्हणाली. मग यांनी गियर टाकला.

पुलावर आल्यावर तिने थांबायला सांगितलं. खाली उतरली नाही, काचेतूनच तुटक्या रपट्याकडे पाहिलं. पाण्यावर धुकं होतं आणि दोन बगळे रपट्याच्या तुटल्या टोकावर बसले होते. ती म्हणाली, तवा मले हा लय मोठा वाटे. मग पुन्हा चाला म्हणाली. पुढचा सगळा रस्ता ती माझ्याशीच बोलत होती. तिची मुलगी नागपूरला फार्मसी शिकते, सून नको इतकी फोनवर असते, गावात साखरेचे पेशंट वाढले. यांच्याशी ती एकदाच बोलली, तेही एका वळणावर, "हळू, पुढं खड्डा हाये."

वर्ध्याला मीटिंगच्या इमारतीसमोर दहाला दहा कमी असताना आम्ही तिला सोडलं. ती उतरली आणि खिडकीशी आली. डबा तुमच्यासाठी आहे, म्हणाली. मग यांना म्हणाली, "गोळी रोज घेत जा. अन् पुन्हा येसान तं आधी फोन करजा. बायाईचं बीपी पाहू नका."

तो डबा आम्ही वर्धा नदीच्या पुलापलीकडे उघडला. ज्वारीच्या भाकरी, ठेचा आणि पिवळी चण्याची डाळ. एका कागदात तिचा फोन नंबर. यांनी तो कागद घडी घालून लायसनच्या पाकिटात ठेवला.

परतीच्या वाटेवर मी बरंच काही लिहून काढायचं ठरवत होते. इथली माणसं अशी, इथला रस्सा तसा, नदीकाठची शेतं, तुरीच्या शेंगा. ते वर आलंच आहे. पण खरं सांगायचं तर मला सारखं वाटत होतं, की हा प्रवास वीस वर्षं आधी करायला हवा होता. तेव्हा सुखदेवभाऊ असते, आणि आपण मुलीला सांगत होतो तेच खरं होतं, हे त्यांना स्वतःच्या कानांनी ऐकता आलं असतं. एका माणसाला ते ऐकायला मिळालं नाही, आणि ते आता कशानेही भरून येणार नाही. हे मी यांना म्हणाले. हे म्हणाले, "माहितेय."

कळंबच्या पुढे गेल्यावर मी विचारलं, तिला सोडून गाडी वळवली तेव्हा तुम्ही आरशात बघत होतात, ते मी पाहिलंय. काय दिसलं?

यांनी मागच्या एका ट्रकला पुढे जाऊ दिलं.

"पाठमोरी होती," म्हणाले. "आत चालली होती. वळून बघितलं पण नाही तिने."

आणि हसले.